वरच्याची गाठ

"झाडं तोडणारे तुम्हीच का?" असं कुणी विचारलं की वरच्याचं टाळकं सटकायचं. "तोडणारे नाही. झाडं सांभाळणारे," असं तो सुनावायचा, आणि मी मागे उभा राहून देवाचा धावा करायचो, कारण विचारणारं बहुधा गिऱ्हाईक असायचं. एकदा एका बंगलेवाल्या बाईंना तो म्हणाला, "बाई, न्हाव्याला तुम्ही मुंडकी उडवणारा म्हणता का?" झालं. काम गेलं. त्या आवारात तीन मोठी झाडं होती आणि आमच्याकडे दोन आठवडे दुसरं काही नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्याला इतकं बोललो, इतकं बोललो की शेजारच्या गेटवरचा वॉचमन उठून बघायला आला. वरचा शांतपणे म्हणाला, "झालं तुझं? मग चहा पाज."

असा माणूस. सव्वीस वर्षं मी त्याच्यासोबत काढली.

त्याला सगळे वरचा म्हणायचे आणि मला खालचा. तो दोराने झाडावर चढून फांद्या कापायचा. मी जमिनीवरून दोर सांभाळायचो, मशीनची करवत वर पाठवायचो, कापलेली फांदी हळूहळू उतरवायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शहाण्यांना लांब ठेवायचो. लोकांना वरचा दिसतो. खालच्याला ते हमाल समजतात. गिऱ्हाइकं वर बघून वाहवा करायची आणि मला म्हणायची, "ती पानं जरा झाडून घ्या हं." वरच्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मी दारात दिसलो की आत ओरडायच्या, "अहो, तुमचे खालचे आलेत!" मग मला म्हणायच्या, "या भावजी. तुम्ही खाली असता म्हणून मला घोर नाही." हे वाक्य त्या दर वेळी म्हणायच्या. तेव्हा बरं वाटायचं.

सामानाच्या बाबतीत वरचा भयंकर खडूस होता. दर रविवारी दोर बाहेर काढायचा, साध्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि मग वीत-वीत करून बोटांतून सोडायचा. "दोर डोळ्यांनी तपासत नाहीत. बोटांना कळतं आत कुठे मऊ पडलाय ते," म्हणायचा. एकदा एक फांदी अचानक सुटून दोराला जोराचा हिसका बसला. दोर वरून अगदी ठणठणीत, पण यानं घरी जाऊन त्याचे हातभर लांबीचे तुकडे केले, का, तर चुकून कुणी त्यावर चढायला नको. मी डोकं धरून बसलो. नवाकोरा दोर हो! करवत चालवताना दोन ठिकाणी अडकल्याशिवाय तो बटणाला हात लावायचा नाही, एक चढायचा दोर आणि दुसरा कमरेपासून खोडाभोवती घातलेला तारेचा पट्टा. कारण करवतीला लाकूड कुठलं आणि दोर कुठला ते कळत नाही. आमच्या धंद्यात असे किती जण स्वतःचाच दोर कापून खाली आले ते आम्ही ऐकून होतो. दोघांना तर मी ओळखत होतो.

आता गाठीचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. झाडावर चढणारा माणूस एका गाठीवर लटकतो. जाड दोर वरच्या फांदीवरून खाली आलेला असतो, आणि त्याच्याभोवती बारीक दोरीचे पाच वेढे घालून, टोक खालच्या दोन वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. तिला आम्ही पकडगाठ म्हणतो. हाताने सरकवली तर सरकते, वजन पडलं की गच्च धरते. एक वेढा कमी पडला, किंवा वेढे एकमेकांवर चढले, तर कधी धरते आणि कधी धरत नाही. वाईट ते हेच. कधीच धरली नाही तर माणूस जमिनीवरच कळून चुकेल. कधी-कधी धरते म्हणून तो वर जातो.

आमची पद्धत अशी होती. वरचा गाठ बांधायचा आणि तशीच ठेवून झाडाला एक फेरी घालायचा. खोड पोकळ आहे का, वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, विजेची तार किती लांब आहे, सगळं मान वर करून बघायचा. तेवढ्यात मी गाठ तपासायची. तो परत आला की मी त्याच्या हेल्मेटवर दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे "जा." सुरुवातीच्या काळात एकदा मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "अरे, टोक आत घ्यायला विसरलास." त्यानं मुकाट्यानं टोक आत घेतलं, दिवसभर काम केलं आणि पुढचे चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "बरं केलंस. पण चारचौघांत नको." त्यानंतर तेवीस-चोवीस वर्षांत तसं बोलायची वेळच आली नाही, इतकी त्याची गाठ चोख.

मग त्याची बोटं गेली.

गेली म्हणजे कापली नाहीत. तास-दीड तास ती थरथरणारी करवत चालवली की बोटांची टोकं पांढरीफटक पडायची, खडूसारखी. आधी थोडा वेळ, मग दिवसभर. खाली उतरला की दोन्ही हात काखेत घालून उभा राहायचा. "थंडी आहे रे," म्हणायचा. भर उन्हाळ्यात! चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरायला लागला. एकदा वहिनी मला दारातच हळूच म्हणाल्या, "भावजी, शर्टाची बटणं मी लावते हल्ली. त्यांना सांगू नका मी सांगितलं ते." मी म्हणालो, "वय झालं वहिनी, तुम्ही लाड करताय." त्या हसल्या नाहीत.

त्या थंडीत एका शाळेच्या आवारातलं झाड होतं. वरच्यानं गाठ बांधली आणि फेरी घालायला गेला. मी बघतो तर चार वेढे, आणि टोक भलतीकडूनच आत गेलेलं. आला की सांगायचं असं ठरवलं. एवढ्यात झाडामागून त्याचा आवाज आला, "काय सुंदर वाढलंय रे हे झाड! असं झाड मिळालं की दिवस सार्थकी लागतो." मी पटकन गाठ सोडली, पाच वेढे घातले, टोक नीट घेतलं. तो आला, गाठीच्या दोरीची कडी कमरेच्या पट्ट्याला अडकवली, गुडघाभर उंचीवर दोनदा लटकून बघितलं. गाठीनं धरलं. मी दोन टिचक्या मारल्या. तो वर गेला.

आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग आठवड्यातून दोनदा. उन्हाळा लागला तोवर मी त्याची गाठ बघायचंच सोडून दिलं होतं. तो झाडामागे वळला की सरळ सोडायची आणि नवी बांधायची. हाताला इतकी सवय झाली की तो तिसरं पाऊल टाकेपर्यंत माझं झालेलं असायचं. जवळचं त्याला नीट दिसायचं नाही आणि हेल्मेटखाली चष्मा नको म्हणायचा. बोटांना तर काही कळतच नव्हतं. बोटं गेली हे त्याला माहीत होतं. गाठ गेली हे माहीत नव्हतं, कारण मी ते कळूच दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, काय हा जीव लावणारा मित्र. डोंबलाचा जीव! खरं सांगतो, मला माझी भीती होती. तो थांबला तर मला कोण विचारणार होतं? चौपन्न वर्षांचा खालचा, ज्याला वर चढता येत नाही, त्याला कोण काम देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकून बसलो. रोज सकाळी मनात यायचं, आज घाईत माझ्याच हातून एक वेढा राहिला तर? तरीही सांगितलं नाही. संध्याकाळी तो जमिनीवर टेकला की मी त्याच्यावरच खेकसायचो, "किती वेळ लावतोस!"

त्यातच कामं आटली. पूर्वी कामं तोंडी मिळायची. एका वॉचमननं दुसऱ्याला सांगायचं, रोपवाटिकेच्या काउंटरवर आमचं कार्ड पडलेलं असायचं, वादळ झालं की फोन थांबायचा नाही. आता सगळे आधी विम्याचा कागद मागायला लागले. झाडावरून माणूस पडला तर जबाबदार कोण, असं विचारायचे. विचारणं चूक नाही म्हणा. पण आमच्याकडे कागद नव्हता. शहरातल्या सगळ्या रस्त्यांची झाडं एका मोठ्या कंपनीकडे गेली, मग सोसायट्याही तिच्याकडे गेल्या, आणि आम्ही दोघं दोर धुऊन वाळवत बसलो. दोन महिने हातात करवत धरली नव्हती. शेवटी वहिनींनीच ती जाहिरात कापून ठेवली. कंपनीला झाडावर चढणारे आणि जमिनीवरचे, दोन्ही हवे होते. चाचणी होती.

"आपल्याला चाचणी?" वरचा म्हणाला. "त्यांच्या आजोबांना शिकवलं असतं मी." पण आदल्या दिवशी त्यानं सगळं सामान पुसून काढलं आणि दाढी केली. मी मनाशी म्हणालो, जोडीनं चाचणी असणार. तो फेरी घालेल, मी गाठ बांधेन, आणि निदान कंपनीचा पगार, विमा, सगळं सुरू होईल. मग बघू. हे "मग बघू" मी सव्वा वर्ष म्हणत होतो.

कंपनीच्या यार्डात मधोमध एक जुनं, रुंद झाड होतं आणि त्याच्या बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा जाड थर. चाचणी घेणाऱ्या मॅडम तिशी-बत्तिशीच्या असतील, हातावर दोराचे वळ, म्हणजे स्वतः चढणाऱ्या. त्यांनी आमचं सामान ताडपत्रीवर मांडायला लावलं. दोर बोटांतून सोडून बघितला आणि म्हणाल्या, "काका, असा ठेवलेला दोर मी फार कमी वेळा बघितलाय." वरच्याची छाती फुगली. हेल्मेट मात्र मुदत संपलेलं म्हणून बाजूला ठेवलं आणि त्याला कंपनीचं दिलं. मग त्यांनी मला जमिनीवर रंगवलेली पिवळी रेघ दाखवली. "तुम्ही हिच्या मागे. इथे दुसऱ्याच्या गाठीला कुणी हात लावत नाही."

मी रेघेमागे जाऊन उभा राहिलो.

वरच्यानं गाठ बांधली. मला रेघेमागून दिसत होतं, वेढे एकावर एक चढले होते. सवयीप्रमाणे तो फेरी घालायला गेला. मॅडम गाठीकडे बघत राहिल्या. तो आला, कडी अडकवली, गुडघाभर उंचीवर लटकला. एकदा धरलं. दुसऱ्यांदा सर्रकन घसरून तो भुशात धप्पदिशी बसला. बाकावर नंबर लावून बसलेले दोघं-तिघं फिस्सकन हसले. मला त्यांचे दात पाडावेसे वाटले.

"नवीन जागा, होतं असं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा बांधा काका."

त्यानं पुन्हा बांधली. या वेळी त्यांनी त्याला लटकूच दिलं नाही. "डोळे मिटा," म्हणाल्या, आणि पेन्सिलच्या टोकानं त्याच्या एकेका बोटाला टोचून विचारायला लागल्या, "हे कुठलं?" तो म्हणाला, "अंगठ्याजवळचं." ती करंगळी होती. "आणि आता?" तो थांबला. "आता तुम्ही टोचतच नाही आहात," तो म्हणाला. त्या टोचत होत्या.

डोळे उघडल्यावर तो चिडला. "मॅडम, बोटं थोडी बधिर झाली असतील. करवतीनं होतात सगळ्यांची. पण सव्वीस वर्षं या गाठीवर लटकलोय मी. हा माझा माणूस उभा आहे ना, याला विचारा. रोज सकाळी माझी गाठ हाच तपासतो. गेल्या वीस वर्षांत एकदा तरी चुकली का, विचारा त्याला!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. "काकांना महिन्याभरानं पुन्हा संधी देता येईल," त्या म्हणाल्या. "सोबतच्या माणसानं लिहून द्यायचं की यांच्या गाठी आजवर सुरक्षित होत्या. तुम्ही सही करणार का?"

वरचा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत कसली शंका म्हणून नव्हती. सही केली असती तर महिनाभरानं तो त्याच झाडाखाली उभा राहिला असता, मी पुन्हा रेघेमागे, आणि कोण जाणे, त्या दिवशी कदाचित गाठीनं दोन्ही वेळा धरलं असतं. कधी-कधी धरते. मग त्याला वर पाठवलं असतं.

"गेलं सव्वा वर्ष त्याची गाठ मीच बांधतो," मी म्हणालो. "रोज. त्याला माहीत नाही."

वरच्यानं आधी मॅडमकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. मॅडमनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, डॉक्टरला दाखवा. जमिनीवरचं काम तुम्हाला देता येईल, विचार करून सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मात्र नाही. मला खालचा माणूस असा हवा जो वरच्याला सांगतो." खरंच होतं.

आम्ही बस स्टॉपवर आलो. दोरांची पिशवी मध्ये ठेवून बाकावर बसलो. तो म्हणाला, "ते शाळेतलं झाड?"

"हो."

"दवाखान्यामागचं? ज्याच्या शेजारून तार गेली होती ते?"

"तेही."

"हं." त्यानं आणखी दोन-तीन झाडं विचारली आणि मी हो म्हणत गेलो. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं! मी तर तयारीत होतो, काय-काय ऐकून घ्यायचं ते. तो नुसता झाडं आठवत होता. मग एकदम थांबला आणि माझ्याकडे वळला.

"तुझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठवडाभर गावाला होतास."

मी पिशवीचा पट्टा सरळ करायला लागलो.

"त्या थेटरामागचं काम होतं," तो म्हणाला. "चार मजली झाड. तुझ्या जागी मी एक रंगकाम करणारा घेतला होता. त्याला गाठीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पाच दिवस मी चढलो."

"हो."

"म्हणजे माझ्याच गाठीवर."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

मला माहीत होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी रोज सकाळी फोन हातात घ्यायचो. आता सांगतो म्हणायचो. मग वाटायचं, फोनवर कसं सांगायचं, काय म्हणेल, काम टाकून देईल, आणि फोन खिशात ठेवायचो. संध्याकाळी साडेपाच वाजले की लावायचो. "उतरलास का?" एवढंच विचारायचो. तो "उतरलो रे बाबा" म्हणाला की भिंतीला टेकून बसायचो.

"तू रोज साडेपाचला फोन करायचास," वरचा म्हणाला.

"अरे, मला सांगायचं होतं, शप्पथ सांगतो..."

"मी हिला म्हणायचो, बघ, सख्खी बहीण दवाखान्यात पडलीय आणि या गड्याला माझा घोर लागलाय. ही म्हणायची, नशीब लागतं असा माणूस मिळायला."

बस आली. ती पिशवी जड असते, आम्ही ती दोघं मिळून चढवायचो, एक पट्टा त्याच्या हातात, एक माझ्या. मी माझा पट्टा धरायला वाकलो.

"राहू दे," तो म्हणाला.

त्यानं एकट्यानं उचलायला घेतली. बोटांतून पट्टा निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मागचे लोक कुरकुरायला लागले. शेवटी त्यानं दोन्ही पट्ट्यांत कोपरापर्यंत हात घातले, पिशवी छातीशी कवटाळली आणि चढला. कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"एक," तो म्हणाला.